मोटेचा नाडा ते आठ मिलिमीटरचा दोर

पोळा जवळ आला की पांढुर्णा-सौंसरकडच्या बाजारांत दोरांचे ढीग लागतात. कासरे, वेसणी, दावी, म्होरक्या. रंगीत नायलॉन जास्त, अंबाडी आणि ताग कमी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा चढतो आणि एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव अशी गोटमार, म्हणजे समोरासमोरची दगडफेक, सुरू होते. त्या एका दिवसासाठी रुग्णवाहिका, डॉक्टर, तात्पुरते दवाखाने, पोलीस आणि होमगार्ड असा सारा फौजफाटा नदीवर हजर असतो, आणि शेकडो जखमींवर तिथल्या तिथे उपचार होतात. बाहेरच्या जगाला सावरगाव ठाऊक आहे ते याच दिवसामुळे.

उरलेल्या वर्षात इथल्या माणसाच्या जिवाला धोका असतो तो शिवारातल्या विहिरींचा. हा संत्र्याचा पट्टा आहे. संत्र्याची बाग उन्हाळ्यात जगवायची तर विहिरीला पाणी हवे, पाणी आटले की विहीर आणखी खोल न्यायची, सुरुंग लावायचे, आडवे बोर मारायचे. वरचा थर काळ्या मातीचा आणि मुरमाचा, खाली काळा पाषाण. पाषाण सहसा दगा देत नाही, मुरूम देतो. विहिरीत पडलेल्याला, दबलेल्याला किंवा गॅसने बेशुद्ध झालेल्याला वर काढायची विद्या म्हणजे दोराची विद्या. या विद्येचा इथला इतिहास सरळ रेषेत पुढे सरकलेला नाही. ती गावात होती, गावातून गेली, नागपूरला सरकारी अभ्यासक्रमात दाखल झाली, सह्याद्रीत तरुणांच्या हाती नव्याने घडली, आणि गावापर्यंत परत यायची अजून राहिली आहे.

गावात होती ती मोटेमुळे. विजेचे पंप येण्याआधी शेतीच्या विहिरीवर मोट चाले. चामड्याची मोट, तिच्या तोंडाला बांधलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, विहिरीच्या काठावर लाकडी चाक आणि समोर बैलांसाठी उताराची धाव. बैल धावेवरून खाली जात तेव्हा मोटकरी नाड्यावर बसून आपले वजनही ओढीला देई. मोट काठाशी आली की सोंदराने सोंड थारोळ्यात मोकळी होई. मोठ्या मोटेत एका खेपेला सुमारे दीडशे लिटर पाणी येई. मोटेचे आणि ओल्या चामड्याचे वजन धरले तर हा भार दोन माणसांच्या वजनाएवढा भरतो. आजचे दोरबचावाचे साहित्य ज्या हिशेबाने निवडतात तोही हाच: एक बचावकर्ता आणि एक जखमी, दोघे मिळून साधारण दोनशे किलो. म्हणजे हा भार उभ्या खोलीतून सुखरूप वर आणायचे काम गावचा मोटकरी दिवसभर, खेपेमागून खेप करत होता.

त्यासाठी लागणारा दोर गावातच वळला जाई. अंबाडी, ताग, केकताड, घायपात यांचे वाख काढून दोर वळण्याचे काम बलुतेदारीत मातंग समाजाकडे होते. कुठल्या कामाला किती पदरी दोर, नाड्याला पीळ किती, भिजल्यावर तो किती फुगेल, कुठे काचला की बदलायचा, हे ज्ञान त्यांच्या बोटांत होते. त्याची नोंद कुणी केली नाही, आणि ज्यांच्या कसबावर विहिरीत उतरणाऱ्याचा जीव टिके त्यांना गावाने मान दिला नाही, ही त्या इतिहासाची काळी बाजू आहे. गाळ काढायला, पडलेले जनावर काढायला, तळाशी गेलेले भांडे गळ टाकून काढायला याच दोरांवर भिस्त असे. विहिरीतली हवा पारखायची रीतही होती. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या विहिरीत आधी कंदील सोडत आणि तो विझला तर कुणी उतरत नसे. काही गावांत कडुनिंबाच्या पालेदार फांद्या दोराला बांधून खाली-वर हलवत, तळाची कोंदलेली हवा मोकळी व्हावी म्हणून.

मग डिझेल इंजिने आली, विजेचे पंप आले. मोट गेली, चाक गेले, धाव सपाट झाली. तिच्याबरोबर रोज भार पेलणारा दोर आणि त्या दोराला ओळखणारी माणसेही विहिरीवरून गेली. विहीर मात्र राहिली, आणि पहिल्यापेक्षा खोल झाली. खोदकामाला इंजिनवरची क्रेन आली. तिचा तारेचा दोर दगडमातीसाठी असतो, पण मजूर त्याच डब्यात उभा राहून खाली-वर करतो. दोर तुटला, ब्रेक सुटला, तर त्याला धरणारा दुसरा दोर नसतो. ही पद्धत आजही चालते, आणि ती बंद व्हायला हवी.

इकडे गावातून ही विद्या जात होती, त्याच सुमारास पांढुर्ण्यापासून शंभरेक किलोमीटरवर नागपूरला तिचे शिक्षण सुरू झाले. १९५७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरला १९५६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय त्या वर्षी नागपूरला आले. २९ एप्रिल १९५७ रोजी नागपुरातच केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था उभी राहिली. पूर, भूकंप, दुष्काळात मदतकार्य सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ती होती. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनी नागरी संरक्षणाची निकड पुढे आणली, १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षी या संस्थेला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. नागपुरात या संस्था आल्या त्याच्या एक वर्ष आधी, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले होते. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक यांसाठी इथला माणूस नागपूरलाच जात राहिला. सरकारी प्रशिक्षणाचा रस्ता तेवढा भोपाळकडे वळला.

नागरी संरक्षणात जी दोरविद्या शिकवली जाई तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये होते. लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ढिगाऱ्यांतून माणसे काढणाऱ्या पथकांत सुतार, गवंडी, बांधकाम मजूर यांची भरती झाली, कारण घर कसे उभे राहते हे ठाऊक असलेल्यालाच ते कसे कोसळते हे कळते. त्यांच्याकडे होते ते शिड्या, वासे, कप्प्या आणि मनिला दोर. त्यांतून ज्या पद्धती घडल्या त्या आपल्या होमगार्ड आणि नागरी संरक्षणाच्या जुन्या स्वयंसेवकांना तोंडपाठ आहेत. चेअर नॉटमध्ये दोन फासे करून एक काखेखाली आणि एक गुडघ्यांखाली अडकवतात आणि माणसाला वरून खाली सोडतात. फोर पॉइंट सस्पेन्शनमध्ये स्ट्रेचरच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधून ते आडवेच उतरवतात. लॅडर हिंजमध्ये स्ट्रेचर शिडीच्या टोकाला बांधून शिडीच हळूहळू जमिनीवर आणतात. मुंबईने याच काळात, १४ एप्रिल १९४४ रोजी, गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट अनुभवला. त्यात बळी गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. प्रशिक्षण घ्यायचे ते मरू नये म्हणून, हे त्या दिवशी या खात्याला फार मोठी किंमत देऊन कळले.

या साऱ्या पद्धतींत एक अडचण होती: वजन. चोवीस मिलिमीटर जाडीचा शंभर मीटर मनिला दोर कोरडा असतानाच सुमारे चाळीस किलो भरतो. भिजला की आणखी जड होतो, फुगतो, गाठ आवळून बसते ती सुटत नाही, आणि आतून कुजला तरी वरून कळत नाही. तो न्यायला गाडी लागे, ओढायला दहा-बारा माणसे लागत. शहरात हे जमे. शेताच्या बांधावरून अर्धा किलोमीटर आत असलेल्या विहिरीवर जमणे कठीण.

दोराचे वजन उतरले ते गिर्यारोहणामुळे. १९३० च्या दशकात नायलॉन आले आणि युद्धकाळात त्याचे दोर बनले. १९५३ मध्ये जर्मनीतल्या एडेलरिड कंपनीने कर्नमँटल दोर आणला. यात भार पेलणारा गाभा आत असतो आणि त्याला जपणारे विणलेले कवच बाहेर. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाची गाठ १९३१ पासून माहीत होती. बारीक दोरीचा वळसा जाड दोरावर दिला की ढिला असताना तो सरकतो आणि ओढ बसताच घट्ट धरतो. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ मध्ये जुमार हे दोर चढण्याचे साधन तयार झाले. पुढे कॅराबिनर अॅल्युमिनियमचे झाले, कप्प्या तळहातात मावू लागल्या. आज अकरा मिलिमीटरचा शंभर मीटर स्टॅटिक दोर सुमारे आठ किलो भरतो आणि जवळपास तीन टन ताण सोसतो. आठ मिलिमीटरचा साधारण चार किलोचा असून दीड टनाच्या वर ताण घेतो. गाठ मारली की यातली सुमारे तिसरा हिस्सा ताकद कमी होते, तोही हिशेब प्रशिक्षणात शिकवतात.

महाराष्ट्रात हे साहित्य आले ते गिर्यारोहण संस्थांमार्फत. मुंबईची गिरिविहार १९५४ ची, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ ची. दार्जिलिंगच्या आणि उत्तरकाशीच्या संस्थांत शिकून आलेली मुले सह्याद्रीच्या कड्यांवर सराव करू लागली. हौशी पर्यटक दऱ्यांत अडकू लागले तसे पोलीस याच मुलांना बोलावू लागले. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स ही नावे अशा कामामुळे घरोघरी पोचली. ही पगारी माणसे नाहीत. कुणी दुकान चालवतो, कुणी शाळेत शिकवतो. फोन आला की सॅक उचलून निघतो.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरच्या आंबेनळी घाटात कोसळली. तीस जणांचा मृत्यू झाला, एक जण वाचला. पावसात, निसरड्या दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत स्थानिक ट्रेकर्स होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना, जेसीबी खालीच राहिले. चिखलातून तासा-दीड तासाची चढण चढून जे पाठीवर नेता आले तेवढ्यावरच काम चालले. त्या चढणीवर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याने प्राण गमावले. हलक्या साहित्याचे महत्त्व पटवायला याहून वेगळा पुरावा लागू नये.

केंद्र सरकारने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभारले. नागपूरच्या नागरी संरक्षण महाविद्यालयाचा वारसा २०१८ मध्ये एनडीआरएफ अकादमीकडे आला. मध्य प्रदेशात होमगार्डसोबत एसडीईआरएफ हे राज्याचे दल आहे. दले चांगली आहेत, जवान जिवावर उदार होऊन काम करतात. पण विहिरीचा अपघात दलाची वाट पाहत नाही.

अलीकडच्या चार घटना एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. १५ जुलै २०२१, विदिशा जिल्ह्यातले गंजबासौदाजवळचे लाल पठार: विहिरीत पडलेल्या मुलाला काढायला गाव जमले, गर्दीच्या वजनाने काठ खचला आणि अकरा जण गेले. ९ एप्रिल २०२४, ऐन गुढीपाडवा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातले वाकडी: शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले, त्याला काढायला एक उतरला, त्याच्या मागून दुसरा, असे सहा जण उतरले. पाच गुदमरून मेले. सहावा वाचला, कारण त्याने कमरेला दोर बांधला होता. १४ जानेवारी २०२५, शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातले खुनाझिर खुर्द: जुन्या विहिरीच्या कामावर असलेले तिघे ढासळलेल्या ढिगाऱ्याखाली दबले; एनडीआरएफ आणि एसडीईआरएफने रात्रभर शर्थ केली, पण तिघांचेही मृतदेहच हाती आले. ३ एप्रिल २०२५, खंडवा जिल्ह्यातले कोंडावत: गणगौरीच्या विसर्जनासाठी विहीर साफ करायला उतरलेले आठ जण विषारी वायूने गेले.

या चार घटनांत मिळून २७ माणसे गेली. यांतली बरीचशी वाचवायला गेलेली होती. धाडस त्यांच्याकडे भरपूर होते. काठापासून गर्दी मागे घेणारा, वायूची शंका येताच उतरू न देणारा आणि दोराचे वरचे टोक सांभाळणारा एक शिकलेला माणूस तिथे हवा होता. खुनाझिरसारख्या ठिकाणी, जिथे ढिगाराच अंगावर आला, तिथे दोराने फारसे काही झाले नसते. तिथे खोदकामाआधी मुरमाचा थर बांधून घेणे हाच उपाय. बाकीच्या तीन ठिकाणी पहिल्या दहा मिनिटांत काय केले जाते यावरच सारे अवलंबून होते.

तो शिकलेला माणूस काय करतो? साठ फुटी विहीर धरू. तो आधी काठापासून पंधरा-वीस फुटांवर दोर ताणून गर्दी बाहेर काढतो. मग अँकर शोधतो: जिवंत, जाड बुंध्याचे कडुनिंबाचे किंवा बाभळीचे झाड. झाड नसेल तर ट्रॅक्टर. पण गिअरमध्ये टाकलेला, चाकांना दगड लावलेला आणि चावी काढून घेतलेला. अँकर एक कधीच नसतो, दोन असतात, आणि दोरही दोन. एकावर भार, दुसरा निव्वळ राखणीला. पहिला तुटला तरी माणूस दुसऱ्यावर लटकेल. काठावर जिथे दोर दगडाला घासणार तिथे बारदानाच्या चार-पाच घड्या घालतो. वायू मोजायचे उपकरण दोराला बांधून आधी तळापर्यंत सोडतो. जुना कंदील फक्त प्राणवायू आहे की नाही हे सांगे. शेणाच्या विहिरीत मिथेन असतो, तिथे ज्योत नेणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. वायू असेल तर श्वसनयंत्राशिवाय कुणीही उतरत नाही, खाली सख्खा भाऊ असला तरी. वायू नसेल तर उतरणारा हार्नेस चढवतो. कमरेला नुसता दोर बांधून लटकणे धोक्याचे असते, कारण तो बरगड्यांखाली आवळतो आणि काही मिनिटांत श्वास घेणे कठीण करतो. वाकडीत त्यानेच एक जीव वाचला हे खरे, पण तो शेवटचा उपाय आहे.

वर ओढण्यासाठी दोन छोट्या कप्प्या आणि प्रुसिकचे दोन वळसे लावून तीनास एक अशी रचना करतात. हिशेबाने नव्वद किलोच्या माणसाला तीस किलोच्या ओढीने वर घेता येते. घर्षण धरले तर ओढ थोडी जास्त लागते. तीन-चार जण निवांत ओढू शकतात. ओढताना हात सुटला तर प्रुसिक दोर धरून ठेवतो, माणूस खाली जात नाही. दोन दोर, हार्नेस, कप्प्या, कॅराबिनर, वळसे हे सारे दहा-बारा किलोत, एका सॅकमध्ये बसते आणि मोटरसायकलवर जाते.

सॅक हलकी झाली म्हणून शिक्षणही हलके चालेल असे नाही. उलट आहे. नाड्याएवढा जाड दोर चुका पोटात घालत असे. आठ मिलिमीटरचा दोर पाषाणाच्या धारेवर भार असताना घासला तर काही क्षणांत कापला जातो. गाठ चुकली, कॅराबिनरचे तोंड उघडे राहिले, एकाच अँकरवर सगळे लावले, तर सुधारायला वेळ मिळत नाही. म्हणून सराव महिन्याला हवा, आणि खऱ्या विहिरीवर हवा.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांचा मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा आहे, त्याच्या आपत्ती आराखड्यात नव्याने लिहायला जागा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२१ मध्ये ३५० जिल्ह्यांपर्यंत वाढवलेल्या आपदा मित्र योजनेत गावातल्या स्वयंसेवकांना बारा दिवसांचे शिक्षण देण्याचा नमुना तयार आहे. त्यात इथल्यासाठी दोन दिवस फक्त विहिरीचे ठेवावेत. क्रेनवर काम करणारे, विहिरी बांधणारे, बागांतले मजूर यांतूनच माणसे निवडावीत, कारण अपघाताच्या जागी पहिले तेच असतात. नागपूरच्या अकादमीतले प्रशिक्षक दोन तासांच्या रस्त्यावर आहेत. राज्याची सीमा मध्ये आहे म्हणून त्यांना बोलावण्यात कुणी कमीपणा मानू नये. विहिरी खोल करायची कामे हिवाळा संपताना सुरू होतात. सावरगाव, पांढुर्णा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी या वर्षीची पहिली क्रेन लागण्याआधी निदान एक सॅक आणि ती वापरू शकणारी पाच माणसे तयार ठेवावीत.